रस्त्यावरच्या चरीत पडून आईचा पाय मोडला – सरकारकडून भरपाई खरंच मिळते का?

पेठेतली लेक | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आई ६१ वर्षांची. गेली पंचवीस वर्षं रोज पहाटे अंबाबाईच्या काकड्याला चालत जाते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाला पाइपलाइनसाठी चर खोदली होती. पहाटेचे सव्वापाच, खांबावरचा दिवा बंद, कठडा नाही. चरीच्या एका टोकाला झाडाची फांदी खोचून तिला सिमेंटच्या पोत्याचा तुकडा बांधला होता. आई आली दुसऱ्या टोकानं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. शेजारच्या काकांनी तिला वर काढलं तेव्हा फुलांची परडी तिच्या हातात तशीच होती.

ऑपरेशन झालं, आत रॉड घातलाय. आतापर्यंत १,८६,००० खर्च झाला. ती घरीच शिवणकाम करायची, तेही बंद.

ज्यांचं काम चालू होतं त्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, ठेकेदाराकडं जा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, रस्ता आमचा नव्हे. दुसऱ्या खेपेला एका साहेबांनी नीट बसवून सांगितलं, "ताई, पूर आला, वीज पडली तर शासन मदत देतं. चालताना माणूस पडला तर शासन कसं देणार?"

घरी येऊन हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मी पडलो न्हाई गं, मला पाडलं."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. असा दावा करता येतो का? कुणाला असे पैसे मिळालेत का? कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही, कृपया अंदाजही लावू नका.

रंकाळ्याचा वारा | सोमवार, रात्री १०:४१

काकूंना लवकर बरं वाटू दे. आईचं ते वाक्य काळजाला लागलं.

भावा कोल्हापूरचा | सोमवार, रात्री ११:०२

ताई, माझ्या अनुभवावरनं सांगतो, नाद सोडा. दोन वर्षं खेटे घालाल, चपला झिजतील, हातात काही पडणार नाही. तेवढ्या वेळात काकूंच्या व्यायामाकडं बघा. वाईट वाटून घेऊ नका, माझ्या भावाच्या बाबतीत मी हेच केलं असतं तर बरं झालं असतं.

कुंभारगल्ली | सोमवार, रात्री ११:३०

भावा, नाद सोडा म्हणू नको. मिळतंय, पण कशासाठी किती मिळतंय ते आधी कळायला पाहिजे. आमचं सांगतो.

आम्ही शाहूपुरीतले, मूर्तीचं काम. २०१९ ला पाणी आलं ते ऑगस्टात, गणपती तोंडावर. २०२१ ला जुलैत, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट, यावरनं समजा. दोन्ही वेळेला कारखान्यात कच्च्या मूर्ती होत्या. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर आत मूर्ती नव्हत्याच. मांडणीवर नुसत्या फळ्या, खाली गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात कुठं सोंडेचा तुकडा, कुठं पाट. शाडूची माती पाण्यात गेली की परत मातीच होती. दाखवणार काय? साहेब म्हणाले, "मूर्ती किती होत्या कशावरनं?"

२०१९ ला घराला सानुग्रह म्हणून शहरात १५,००० आणि खेड्यात १०,००० दिले. लहान व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,०००. माझं नुकसान चार लाखांच्या वर. तरी ते पन्नास मिळाले, कारण माझ्या बायकोनं बुकिंगची वही माळ्यावर टाकली होती. गिऱ्हाईकाचं नाव, मूर्तीची उंची, इसार किती घेतला, सगळं तारखेनिशी. शेजारच्याकडं वही नव्हती, त्याला निम्मेसुद्धा मिळाले नाहीत. त्याच्या मूर्ती माझ्यापेक्षा जास्त होत्या, हे मी डोळ्यानं बघितलंय.

नदीकाठी नको | मंगळवार, सकाळी ७:१५

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी मनापासून लिहितो. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा पाणी येतं त्या पट्ट्यात बांधकामं वाढत गेली. पाणी आलं की भरपाई मागायची, ती जाते सगळ्यांच्या करातनं. मी उंचावर घर घेतलं, त्यासाठी वीस वर्षं हप्ते फेडले. काकूंचा प्रश्न वेगळा आहे, तिथं चूक उघड आहे. पण पुराच्या बाबतीत दरवेळी सरकारनं भरायचं, हे मला पटत नाही.

कुंभारगल्ली | मंगळवार, सकाळी ८:०५

दादा, आमची गल्ली रेषा आखायच्या आधीची हाय. माझ्या पणजोबांची आवी, म्हणजे भट्टी, तिथंच होती. कुंभाराला माती आणि पाणी जवळ लागतं, म्हणून नदीच्या अंगाला वसवलं. तुम्ही म्हणता ती नवीन बांधकामं भराव टाकून झाली, त्या भरावानं पाणी आमच्यात लवकर येतंय. त्यांच्यावर राग काढा, मी तुमच्या बाजूनं आहे.

नदीकाठी नको | मंगळवार, सकाळी ८:२०

भरावाचं बोललात ते बरोबर आहे. जुन्या वस्त्यांना मी एकाच तराजूत तोललं, ते चुकलं.

सातबारा उतारा | मंगळवार, सकाळी ९:४०

मी महसुलातनं निवृत्त झालोय. तलाठी म्हणून तीन पुरांचे पंचनामे केलेत, २००५, २०१९ आणि २०२१. दुसऱ्या बाजूचं सांगतो. कुणाची बाजू घेत नाही, पण कागद कसा चालतो ते कळलं तर तुमचाच फायदा.

सरकार जे आपत्तीत देतं त्याला आम्ही कधीही भरपाई म्हणत नव्हतो. कागदावर शब्द असतो मदत किंवा सानुग्रह अनुदान. तुमचं किती गेलं यावर ती ठरत नाही, निकषावर ठरते. २०२२ ते २०२६ साठीचे केंद्राचे निकष सांगतो. मयताच्या वारसांना ४ लाख. हात, पाय किंवा डोळा गेला आणि अपंगत्व ४० ते ६० टक्के असेल तर ७४,०००, ६० च्या वर असेल तर अडीच लाख. आठवड्यापेक्षा जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर १६,०००, कमी असेल तर ५,४००. सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण गेलं तर १,२०,०००. अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५००. कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००. दुभतं जनावर ३७,५००. राज्य सरकार त्या त्या वेळी वेगळा निर्णय काढून यात भर घालतं, २०२१ ला घातली होती.

आता घराचे दोन आकडे परत वाचा. १,२०,००० आणि ६,५००. पंचनाम्यात 'पूर्णतः' लिहिलं की 'अंशतः' लिहिलं, एवढ्या एका शब्दावर हा फरक पडतो. आणि तो शब्द कसा लिहिला जातो? दिवसाला चाळीस चाळीस घरं. जीपच्या बॉनेटवर कागद, वर पाऊस, एकजण छत्री धरणार. मागनं फोन, 'आजच्या आज अहवाल पाठवा'. मातीची भिंत पाणी उतरल्यावर लगेच पडत नाही. ती ऊन पडल्यावर, चार-आठ दिवसांनी, वाळता वाळता बसते. आम्ही बघून गेलो तेव्हा भिंत उभी, म्हणून 'अंशतः'. नंतर घर झोपलं. अशी घरं माझ्या हातनं झालीत, ती मला अजून आठवतात.

म्हणून सांगतो, सही करायच्या आधी पंचनामा वाचा. वाचू दिला नाही तर 'वाचून दाखवला नाही' असं सहीच्या वर लिहा. भिंत नंतर पडली तर त्याच दिवशी फोटो काढा आणि फेरपंचनाम्याचा अर्ज तहसीलच्या आवकेत देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आमच्यापर्यंत येतं, पण फाइलीत जात नाही.

शिरोळची मैना | मंगळवार, सकाळी १०:१२

सातबारा काका, तुमच्यासारखे तलाठी आमच्या वाट्याला आले असते तर!

आमचं वेगळंच. ऊस गेला, यादीत नाव आलं, व्हीके नंबर, म्हणजे मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक, तो पण आला. पण नाव आलं माझ्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वारसाची नोंद आम्ही केलीच नव्हती. ई-केवायसीला अंगठा लागतो, आता अंगठा कुणाचा आणायचा? मग वारस नोंद, मग तिन्ही दिरांची संमतीपत्रं, एकजण पुण्यात, एकजण पत्त्यावर नाही. तोवर मुदत टळली, पुढच्या यादीत घालतो म्हणाले. सगळ्यांना हात जोडून सांगते, घरातलं माणूस गेलं की दहाव्या-बाराव्याबरोबर वारस नोंदही उरकून घ्या.

पन्हाळ्याचा पाऊस | मंगळवार, दुपारी १:३०

शिरोळच्या ताईंचं वाचून लिहायचं धाडस करतो.

आमचे वडील भात कापताना साप चावून गेले. दवाखाना लांब होता, वाटेतच संपलं. तिथनं तसेच घरी आणले आणि संध्याकाळी अग्नी दिला. कुणाच्या डोक्यात कागदाचा विचार येणार? महिन्यानं कुणीतरी सांगितलं की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख मिळतात. सर्पदंश, वीज, शॉक, विहिरीत पडणं, सगळं त्यात बसतं. एक हात, पाय किंवा डोळा गेला तरी १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. वय १० ते ७५. सातबारावर नाव नसलेल्या घरातल्या एका माणसालाही चालतं.

आमच्याकडं शवविच्छेदन नाही, डॉक्टरचा दाखला नाही, पोलिसांकडं नोंद नाही. अर्ज नामंजूर. आई अजून म्हणते, पैशाचं राहू दे, पण कागदावर साप चावला असं लिहिलंच नाही, म्हणजे तो गेला कशानं?

दुःखाच्या वेळी हे सांगायला कुणीतरी शहाणं माणूस शेजारी पाहिजे. गावात असं कुणाचं झालं तर तुम्ही ते माणूस व्हा, एवढंच मागणं.

रंकाळ्याचा वारा | मंगळवार, दुपारी १:५२

तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आजऱ्याची मावशी | मंगळवार, दुपारी ३:१०

आमच्याकडं हत्ती आणि गवे. केळी, ऊस, मेसकाठीची बेटं, काय ठेवत नाहीत. पण वन खात्याचं एक सांगते, जनावरानं माणूस मारला तर राज्यात आता २५ लाख आहेत, आणि कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख. गाय-म्हैस मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के, ७०,००० पर्यंत. पिकाचं मात्र खर्चाच्या मानानं फारच कमी मिळतं. लगेच कळवायचं, ठसे पावसानं पुसायच्या आत. माझा पुतण्या ठशाशेजारी चप्पल ठेवून फोटो काढतो, म्हणजे आकार कळतो. वनरक्षकानंच शिकवलंय त्याला, भला पोरगा आहे तो.

एक विचारायचं होतं. गव्यानं माणूस मारला तर २५ लाख, वीज पडून मेला तर ४, शेतात साप चावला तर २. माणूस तोच, मरण वेगळं. हे कोण ठरवतं?

सातबारा उतारा | मंगळवार, दुपारी ४:००

मावशी, प्रत्येक खात्याची योजना वेगळी, निधी वेगळा, निर्णय वेगळ्या वर्षी निघालेला. म्हणून आकडे वेगळे. तुमचा प्रश्न रास्त आहे, नोकरीत असताना मलाही लोक हेच विचारायचे आणि त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडं कधीच नव्हतं.

हायवेचा जावई | मंगळवार, सायंकाळी ६:२५

चारचाकीनं उडवलं आणि पळून गेली, नंबर मिळालाच नाही, असं झालं तर काय, हेही इथं लिहून ठेवतो. माझ्या साडूला हातकणंगल्याच्या पुढं असंच उडवलं. १ एप्रिल २०२२ पासून नवीन योजना आहे. वाहन सापडलं नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,०००. आधी २५,००० आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. आम्हाला पन्नास मिळाले, पण त्यासाठी पोलिसांचा 'वाहन मिळून आलं नाही' हा अहवाल तीनदा मागायला लागला. वकील लावला नाही. गाडीचा नंबर माहीत असेल तर मात्र ही योजना नाही, मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं, आणि तिथं सहा महिन्यांच्या मुदतीकडं लक्ष ठेवायचं.

भावा कोल्हापूरचा | मंगळवार, सायंकाळी ७:००

माझ्या भावाला हेच झालतं! वाहन सापडलं नाही. २०२३ ची गोष्ट. आम्हाला कुणीच हे सांगितलं नाही. आम्ही इन्शुरन्स कंपनीच्या मागं लागलो होतो, कुठली कंपनी तेच माहीत नसताना. आता अर्ज करता येईल का?

हायवेचा जावई | मंगळवार, सायंकाळी ७:१८

एफआयआरची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलंय का? असेल तर उद्याच प्रांत कार्यालयात जा. मुदतीचं तिथंच विचारा आणि लेखी अर्ज देऊनच या. मला वैयक्तिक संदेश पाठवा, आमच्या अर्जाचा नमुना देतो.

जुना कोट | मंगळवार, रात्री ९:०५

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो. चाळीस वर्षं वकिली केली, आता घरी असतो.

त्या साहेबांनी पेठेतल्या लेकीला जे सांगितलं त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. नैसर्गिक आपत्तीत सरकार देतं ती मदत. तिथं सरकारची चूक नसते, कल्याणकारी राज्य म्हणून ते हात पुढं करतं. पण सरकारी यंत्रणेच्या हयगयीनं माणसाला इजा झाली तर जी देणं लागते ती नुकसानभरपाई. पहिली सरकारच्या तिजोरीतून आणि मर्जीतून येते, दुसरी जबाबदारीतून येते. आई म्हणाल्या 'मला पाडलं', कायद्याला हाच फरक अभिप्रेत आहे. इतक्या कमी शब्दांत तो मला कधी मांडता आला नव्हता.

ही जबाबदारी एका दिवसात आलेली नाही. १९४७ साली मेरठमध्ये एका व्यापाऱ्याचं सोनं-चांदी पोलिसांनी संशयावरून जप्त केलं. मालखान्याचा हवालदार सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. व्यापारी जामिनावर सुटला, चांदी परत मिळाली, सोन्याची किंमत मागायला तो कोर्टात गेला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं कस्तुरीलाल प्रकरणात सांगितलं की पोलिसांचं काम हे राज्याचं सार्वभौम काम, त्यातल्या हयगयीसाठी सरकारवर दावा चालणार नाही. सतरा वर्षांनी हात रिकामे.

पुढं १९८३ मध्ये रुदुल शाह. निर्दोष सुटल्यावरही हा माणूस चौदा वर्षं तुरुंगात राहिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं थेट रिट याचिकेत, म्हणजे हक्कभंगासाठी सरळ वरच्या न्यायालयात केलेल्या अर्जात, आधी दिलेल्या ५,००० शिवाय आणखी ३०,००० रुपये द्यायला लावले. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा, कोठडीत मेलेल्या मुलाची आई, तिला दीड लाख, आणि त्याबरोबर तत्त्वही पक्कं झालं. मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर 'आम्ही सार्वभौम आहोत' हा बचाव चालत नाही.

ठेकेदाराकडं बोट दाखवतात त्याबद्दल २००२ चा मध्य प्रदेश वीज मंडळाचा निकाल आठवतो. सायकलवरून घरी जाणारा माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला लागून गेला. मंडळ म्हणालं, तार तिसऱ्याच माणसानं चोरून ओढली होती. न्यायालय म्हणालं, धोकादायक वस्तू हाताळणारा तुम्ही, जबाबदार तुम्ही. वीज आणि चर एक नव्हेत, हे कबूल. पण 'दुसऱ्यानं केलं' एवढ्यानं सुटका होत नाही, हे लक्षात ठेवा.

आता ताज्याकडं. मुंबई उच्च न्यायालयानं १३ ऑक्टोबर २०२५ ला खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या प्रकरणात आदेश दिला. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख. इजा झाली तर तिच्या स्वरूपाप्रमाणं ५०,००० ते अडीच लाख. दावा ठरवायला समिती, महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे. आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची मुभा. दुसरे कायदेशीर मार्गही बंद होत नाहीत.

नदीकाठी नको | मंगळवार, रात्री ९:३०

वकीलसाहेब, खड्डा आणि चर यात फरक आहे ना? खड्डा आपोआप पडतो, चर कामासाठी खोदतात. ते लोक म्हणतील, हा खड्डा नव्हेच. अडवायचं म्हणून विचारत नाही, पण समोरून हा प्रश्न येणारच.

जुना कोट | मंगळवार, रात्री ९:५५

येणारच, आणि तुम्ही आधी विचारलात हे चांगलं झालं. माझं उत्तर असं की आपोआप पडलेल्या खड्ड्यापेक्षा माणसानं खोदून उघडी टाकलेली चर ही जास्त मोठी हयगय आहे. खड्ड्याबद्दल 'माहीत नव्हतं' म्हणता येईल, चर तर स्वतः खोदली. त्या आदेशाचा रोख सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, यावर आहे. समिती कशी वाचेल ते समितीच्या हातात. नाकारलं तर लेखी कारण मागा, मग पुढचा दरवाजा उघडतो.

तो दरवाजाही आता घराजवळ आलाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. आमच्या पिढीनं यासाठी किती वर्षं काळ्या फिती लावल्या, किती वेळा काम बंद ठेवलं! पूर्वी रिट म्हटलं की रात्रीची गाडी, मुंबईत मुक्काम, पुढची तारीख. अशिलाचं निम्मं बळ तिथंच संपायचं. दिवाणी दावा करायचा झाला तर मात्र सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, ती विसरू नका.

आणखी एक. विधी सेवा कायद्यात महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जखमी तुमच्या आई आहेत, अर्ज त्यांच्या नावानं करा. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. सोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्स-रे, जागेचे फोटो, काढणाऱ्या शेजाऱ्याचा जबाब.

पेठेतली लेक | मंगळवार, रात्री ११:१०

वकीलकाका, किती आणि कसे आभार मानू? आईला सगळं वाचून दाखवलं. मेरठच्या सोन्याच्या गोष्टीला तिनं कपाळावर हात मारला.

पण एक मोठी अडचण आहे. जागेचे फोटो नाहीत. त्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी घरी आले तर चर बुजवून वर डांबर. आता तिथं काही होतं हेसुद्धा कळत नाही. काढणारे काका जबाब द्यायला तयार आहेत, पण त्यांचं वय ७४.

सातबारा उतारा | बुधवार, सकाळी ६:५०

घाबरू नका. चर खोदायला परवानगी लागते, काम झाल्यावर ठेकेदार बिल लावतो. माहितीच्या अधिकारात त्या गल्लीतल्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि रस्ता पूर्ववत केल्याची तारीख मागा. ठेकेदारानं पैसे घेताना चरीची लांबी-रुंदी-खोली स्वतः लिहून दिलेली असते. तीन दिवसांत डांबर पडलं, त्याचीही तारीख मिळेल. आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'कशानं लागलं' या रकान्यात काय लिहिलंय ते आज बघा.

पहाटेची किटली | बुधवार, सकाळी ८:३५

मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. दुधाचा रतीब घालतो, तुमच्याच भागात. काकू रोज मला वाटेत भेटायच्या, परडी घेऊन, बहुतेक त्याच.

त्या चरीत आदल्या दिवशी माझ्या गाडीचं पुढचं चाक गेलतं. किटली सांडली, चौदा लिटर दूध गेलं. मालकाला दाखवायला मी फोटो काढलाय. त्यात चर आहे, ती फांदी आहे, पोत्याचा तुकडा आहे, माझी गाडी आडवी आहे आणि मागं दुकानाची पाटी दिसते. मोबाइलमध्ये तारीख आणि वेळ आहे, पहाटे ५:०४. मी तेव्हाच कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. दूध गेल्याच्या रागात निघून गेलो. काकूंना सांगा, मला माफ करा म्हणून.

रंकाळ्याचा वारा | बुधवार, सकाळी ८:४१

अंगावर काटा आला वाचून.

जुना कोट | बुधवार, सकाळी ९:१०

किटलीवाले, तो फोटो कुणाला पाठवताना मूळ फाइल मोबाइलमधून काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीत तारखेची नोंद राहत नाही. मोबाइल बदलू नका. लेकी, यांचाही जबाब घ्या.

भावा कोल्हापूरचा | बुधवार, दुपारी १२:२०

सकाळी प्रांत ऑफिसला जाऊन आलो. अर्ज घेतला, पोच मिळाली. मुदतीचं साहेबांना विचारून सांगतो म्हणालेत. पहिल्या दिवशी ताईंना नाद सोडा म्हणालो होतो, ते मागं घेतो. काकू बऱ्या झाल्या की तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

पेठेतली लेक | बुधवार, दुपारी १२:३२

आई माळकरी आहे हो!

भावा कोल्हापूरचा | बुधवार, दुपारी १२:३३

मग मिसळ. कट वाढवून.

पेठेतली लेक | शुक्रवार, सायंकाळी ५:४५

आज जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणात जाऊन आले. अर्ज आईच्या नावानं दिला, पोच घेतली, वकील नेमून देतो म्हणाले. तिथल्या बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, पाणी दिलं. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर इंग्रजीत 'रस्त्यावरील चरीत पडून' अशी नोंद सापडली, ती त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी केलीय, त्यांचे उपकार. माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाकला.

किटलीवाले दादा काल घरी आले होते, फोटो दाखवायला. आईनं त्यांना माफी मागूच दिली नाही. चौदा लिटरचे पैसे मालकानं कापले का, हेच विचारत होती. कापले म्हणाले. वकीलकाका, त्यांचाही दावा होतो का?

जुना कोट | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

त्या आदेशातली रक्कम मृत्यू आणि इजेसाठी आहे, दुधासाठी नाही. पण मालमत्तेच्या नुकसानीचा लेखी दावा त्याच कार्यालयाकडं करता येतो. एक पानाचा अर्ज मी लिहून देतो. त्यांना रविवारी सकाळी माझ्याकडं पाठवा, आणि चौदा लिटरची मालकाकडची नोंद आणायला सांगा.

पहाटेची किटली | शुक्रवार, रात्री ८:१५

रतीब संपवून साडेनऊला येतो.